जाण्यापुरती गाडी

सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकबांधणीची खोली होती. तिची एकुलती एक खिडकी वर छताला लागून, बाहेरच्या रस्त्याच्या पातळीवर होती. त्यामुळे तिथून माणसं दिसत नसत, माणसांचे पाय दिसत, आणि गाड्यांची नुसती चाकं. या खोलीत एकतीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना सगळं ग्रंथालय बाइंडरबाई म्हणायचं. चालीवरून माणूस ओळखण्यात त्या तरबेज झाल्या होत्या. गाडी तर मान वर न करतासुद्धा, नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. म्हणून त्या सकाळी खिडकीत दोन राखाडी चाकं उभी दिसली तेव्हा त्या चपापल्या. ही कधी आली? त्यांनी सरसाच्या भांड्याखालची आच बारीक केली, पुन्हा वर बघितलं, तर चाकं नव्हती. त्यांच्या जागी उजेडाचा एक चौकोन आत येऊन दाबयंत्रावर पडला होता. आपल्याला बसल्या बसल्या डुलकी लागली असणार, असं त्यांना वाटलं.

आठवड्याने ती चाकं परत आली, आणि या वेळी त्यांच्याशेजारी ओळखीचे बूट उतरले. भूलवाले डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल द्यायची हेच त्यांचं चाळीस वर्षं काम होतं, आणि आयुष्यभर मी लोकांना भूल दिली पण एकालाही भुलवलं नाही, हा त्यांचा ठरलेला विनोद होता. आपली दोन जुनी पुस्तकं ते नव्याने बांधून घ्यायला देऊन गेले होते, ती न्यायला आले. बाईंनी पुस्तकं कागदात गुंडाळता गुंडाळता गाडीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, विजेची आहे, आठ वर्षं झाली, आता विकायची आहे. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मधोमध ढग बसला होता आणि उजव्यातही येऊ घातला होता.

“मला दाखवाल का?” बाई म्हणाल्या.

शब्द आधी निघून गेले आणि विचार त्यांच्यामागून धावत आला. बाईंनी गाडी घ्यायचं कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. गाडी चालवता मात्र येत होती. पूर्वी ग्रंथालयाची पुस्तकांची फिरती व्हॅन होती, आणि ड्रायव्हर रजेवर गेला की बाई ती घेऊन वस्त्या-वस्त्यांतून जात. चार वर्षं त्यांनी ते केलं. मग व्हॅन विकली गेली. ती सुरू झाली की पुस्तकांचे दात वाजायचे, असं बाई सांगत.

घरी त्यांनी ही गोष्ट जेवताना काढली. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मित्रमंडळी त्यांना कानामात्रा म्हणूनच हाक मारत. त्यांनी घास तसाच धरून ठेवला. या गृहस्थांना कुठल्याही वाहनात बसलं की दहाव्या मिनिटाला मळमळायचं.

“ज्या घरात माणसाला गाडी लागते,” ते शेवटी म्हणाले, “त्या घराला गाडी लागते, हे नवीनच.”

पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी गाडी दाराशी आणून उभी केली. चार दारांची, मागे लांबट डिकी असलेली, मळक्या दुधाच्या रंगाची. स्टिअरिंगचं कातडं डॉक्टरांच्या अंगठ्यांच्या जागी गुळगुळीत झालं होतं. बाई पुढे बसल्या, डॉक्टर शेजारी, आणि कानामात्रा मागे, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. बाईंनी बटण दाबलं आणि वाट बघत बसल्या.

“कसली वाट बघताय?” डॉक्टरांनी विचारलं.

“सुरू व्हायची.”

“झालीय केव्हाच. पाय अलगद ठेवा. पेशंट जागा आहे असं समजा.”

बाईंनी पाय ठेवला आणि रस्ता स्वतःच मागे सरकायला लागला. थरथर नाही, घरघर नाही. लहानपणी आगगाडीत बसलेलं असताना शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं, तसं काहीतरी. काचा खाली होत्या. एरवी गाडीत बसून जे कधीच ऐकू येत नाही ते सगळं आत येत होतं: कुणीतरी जिन्यावरून झाडू मारत होतं, एका घरात कपात चमचा फिरत होता, वरच्या मजल्यावर कुणी पोर पेटीवर तेच चार सूर पुन्हा पुन्हा चुकत होतं. बाई कुणाच्या तरी झोपेतून चालल्या होत्या आणि त्यांना पावलांचा आवाज करायचा नव्हता. दुसऱ्या चौकात कानामात्रांनी उतरायची परवानगी मागितली आणि ते पायीच घरी गेले. बाईंना ते कळलं, पण फार दूरवरून.

डॉक्टर सरळ माणूस. किमतीचं बोलण्याआधी तेच बाईंना बॅटरीवालीकडे घेऊन गेले. ही चाळिशीची बाई एका पत्र्याच्या शेडमध्ये विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करत असे. तिने डॅशबोर्डखाली एक लहानसं यंत्र जोडलं आणि आकडे बघत बसली. डॉक्टर शेजारी हात मागे बांधून उभे होते. जन्मभर ज्या दाराच्या आत उभे राहिले, त्याच्या बाहेर उभं राहायची पाळी आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“बाकी सगळं ठणठणीत आहे,” बॅटरीवाली म्हणाली. “पण दम कमी झालाय. नवी असताना अडीचशे किलोमीटर जात असेल. आता दीडशे, फार तर एकशे साठ. आणि डोंगर चढायला लावाल, थंडीत हीटर लावाल, तर तेवढीही नाही.”

परत येताना डॉक्टरांनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं. घरातल्या जाड पिनांच्या प्लगवर तिला पूर्ण चार्ज व्हायला चौदा तास लागतात. लांब घेऊन गेलात तर ती पोहोचवेल, पण मग तिला झोप लागते, आणि ती झोप पुरी झाल्याशिवाय उठवायचं नाही. बाईंनी विचार करायला एक दिवस मागून घेतला, पण तो त्यांना लागला नाही. त्या संध्याकाळीच त्यांनी फोन करून घेते म्हणून सांगितलं.

आता, शहरातल्या शहरात फिरायचं तर बसगाड्या होत्या. बाईंना लांब जाऊन भेटावं असं माणूस एकच होतं: धाकटी बहीण. ती एकशे चाळीस किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावात राहायची. तिथे तिची रोपवाटिका होती. तिचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. आई शेवटची तीन वर्षं तिच्याकडेच होती, कारण तिथली हवा आईच्या छातीला मानवायची.

अकरा वर्षांपूर्वी, थंडी पडायला लागली होती तेव्हा, धाकटीने फोन करून बाईंना बोलावलं. आईचं खरं नव्हतं. बाई सकाळच्या बसने गेल्या, दिवसभर आईच्या उशाशी बसल्या आणि पाच वाजता शेवटच्या बसने परत निघाल्या. ग्रंथालयात एका जुन्या कोशाचे सुटे केलेले फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुड्या, दाबयंत्रात होते, दुसऱ्या दिवशी ते काढून शिवले नसते तर वाया गेले असते. हे खरंही होतं. पण त्याहून खरं हे होतं, की त्या खोलीतला आईचा श्वास बाईंना ऐकवत नव्हता. आई पहाटे गेली. बाई घरी झोपेतून उठून अंगावर शाल घेतात न घेतात तोच फोन वाजला.

धाकटी त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. बाई तेव्हापासून दर वर्षी त्या सुमाराला एकदा जात. सकाळी जात, जेवत, रोपं बघत, आईच्या खोलीकडे पाठ करून ओसरीत बसत आणि पाचच्या बसने निघत. पावणेपाच झाले की धाकटी स्वतःच त्यांची पिशवी दाराशी आणून ठेवायची. दोघींचं भांडण कधी झालंच नव्हतं, त्यामुळे ते मिटवायचं तरी कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

या वर्षी बाई स्वतःच्या गाडीने जाणार होत्या. कानामात्रांनी लाल पेन्सिलीने वेळापत्रक करून दिलं. सकाळी सहाला निघायचं. पंचाण्णव किलोमीटरवर हमरस्त्यालगत चार्जिंगचं मोठं मशीन होतं, तिथे पाऊण तास थांबून भरून घ्यायचं. जाताना एकदा, येताना एकदा. दोनला निघायचं, अंधाराच्या आत घरी. बाईंना अंधारात समोरचे दिवे फाकलेले दिसायचे, म्हणून ही शेवटची ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली. बाईंनी विचारलं, तुम्ही येता का, एखादी गोळी घेऊन?

“नको,” ते म्हणाले. “तुम्हा दोघींच्या मध्ये मी म्हणजे चुकून पडलेला स्वल्पविराम.”

बाई निघाल्या तेव्हा धुकं होतं, आणि शहर मागे पडलं तसं ते दाट होत गेलं. हमरस्त्यावरचे ट्रक दिव्यांच्या जोड्या होऊन येत आणि जात. पहिले दोन तास सुरळीत गेले. मग ते मशीन आलं. एका बंद दुकानाच्या आवारात, पांढऱ्या खांबासारखं, आणि त्याच्या पडद्यावर चिकटपट्टीने एक कागद लावलेला. नादुरुस्त आहे. तसदीबद्दल क्षमस्व. ‘क्षमस्व’मधला ‘क्ष’ बिचारा ओलाव्याने पसरून गेला होता.

गाडीत अडतीस टक्के उरले होते. बाईंनी घरी फोन लावला. पलीकडे बराच वेळ कागदाचा आवाज आला.

“मागे यायला पुरणार नाही,” कानामात्रा म्हणाले. “पुढे जायला पुरेल, पण जेमतेम. सावकाश जा, हीटर बंद कर. आणि अगं…”

“काय?”

“काही नाही. पोहोचलीस की कळव.”

बाईंनी हीटर बंद केला, शाल कानावरून घट्ट घेतली आणि हमरस्ता सोडून डोंगराकडच्या रस्त्याला लागल्या. ताशी चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. रस्ता रिकामा होता. धुक्यात झाडं नुसत्या खोडांची उभी होती, त्यांची डोकी कुणीतरी खोडरबराने पुसली होती. दोरीवर वाळत घातलेले कपडे आले, त्यांच्यामागे घर नव्हतं. एक पांढरा घोडा रस्त्याच्या कडेला उभा होता. गाडी इतकी मुक्याने गेली की त्याने मानसुद्धा वळवली नाही, आणि मग बाईंना शंका आली की घोडा होता का. गाडी पाण्याखालून चालल्यासारखी चालली होती. आकडा मात्र जागा होता. एकतीस. अठ्ठावीस. चोवीस. चढ लागला की तो भराभर खाली यायचा. डॉक्टरांनी त्यांना एकदा सांगितलं होतं, पेशंटला मी दहापासून उलटं मोजायला लावतो, सहाच्या पुढे कुणी जात नाही. बाईंना ते आठवलं आणि त्या मनाशीच हसल्या. भीती वाटायला हवी होती. पण बोटं गार पडली होती, काचेवर धुक्याचे थेंब ओघळत होते, आणि आपण कुठे जातोय त्यापेक्षा आपण जातोय एवढंच खरं आहे, अशी एक गुंगी त्यांना चढत होती. बारा. नऊ. शेवटचं वळण ओलांडताना गाडीने आपण होऊन वेग कमी केला आणि पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं. कासवासारखीच ती धाकटीच्या फाटकातून आत शिरली. तीन टक्के.

धाकटी हात मातीचे करून रोपांच्या रांगांमध्ये उभी होती. अकरा वाजायला आले होते. तिने गाडी बघितली, बहिणीकडे बघितलं, हात झटकले.

“छान आहे,” ती म्हणाली. “दोनला निघायचं म्हणाली होतीस ना? मग स्वयंपाकाचं आधी बघते.”

“बेबी, मला आज निघता नाही येणार,” बाई म्हणाल्या. बावन्न वर्षांच्या धाकटीला बेबी म्हणणारं आता जगात हे एकच तोंड उरलं होतं. त्यांनी मशीनचं सांगितलं, चौदा तासांचं सांगितलं, अंधाराचं सांगितलं.

धाकटीला हे समजायला थोडा वेळ लागला.

“म्हणजे राहणार?”

“गाडी राहते म्हणतेय.”

 आता प्रश्न प्लगचा होता. गाडीला लागतो तसा जाड पिनांचा प्लग घरात एकच होता. आईला श्वासासाठी ऑक्सिजनचं यंत्र लावायचं तेव्हा वायरमनला बोलावून तो मुद्दाम बसवून घेतला होता. आईच्या खोलीत, खिडकीच्या खाली.

गाडीची वायर आखूड होती. बाईंनी गाडी वळवून घराच्या मागच्या अंगाला, अगदी खिडकीला टेकेल अशी आणली. धाकटीने आतून खिडकी उघडली आणि हात बाहेर काढला. बाईंनी वायरचं टोक त्या हातात दिलं.

“लागत नाहीये,” धाकटी आतून म्हणाली. “गंजलाय बहुतेक. ये ना आत, मला एकटीला जमायचं नाही.”

बाई ओसरीतून आत गेल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पडलं. त्यांना वाटलं होतं तसं तिथे काहीच नव्हतं. खाटेवर बियांच्या पाकिटांचे ढीग होते. भिंतीला फळ्या मारून त्यांवर रोपांचे ट्रे मांडले होते आणि प्रत्येक ट्रेमध्ये नखाएवढी हिरवी पानं खिडकीकडे माना करून बसली होती. ओल्या मातीचा आणि बियांच्या कोरड्या भुशाचा असा मिळून वास होता. दोघी गुडघ्यांवर बसल्या. एकीने प्लग भिंतीशी दाबून धरला, दुसरीने पिना घासून पुसून आत सारल्या. बाहेर गाडीवर एक हिरवा ठिपका लागला, आणि अगदी बारीक, संथ गुणगुण सुरू झाली.

दोघींनी तो आवाज ऐकला. दोघींनाही दुसराच आवाज आठवला, आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

दुपार कामात गेली. धाकटीला दुसऱ्या दिवशी तलावापलीकडच्या शाळेत चाळीस रोपं पोहोचवायची होती आणि तिचा टेम्पो गॅरेजमध्ये होता. गॅरेजवाला उद्या देतो म्हणाला होता, पण त्याचा उद्या कधी उगवायचा नाही. बाईंनी पिशव्यांत माती भरायला हात लावला. थोड्या वेळाने धाकटी त्यांच्या पिशव्या न बोलता पुन्हा सैल करू लागली, कारण बाई पुस्तकाचा कणा ठोकल्यासारखी माती ठोकून बसवत होत्या.

“मुळांनी श्वास कुठून घ्यायचा?” धाकटी म्हणाली, आणि लगेच पुढची पिशवी ओढून घेतली.

ऊन कलल्यावर त्या ओसरीत आल्या. धाकटीकडे झाडांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, तिचं रोजच्या वापरातलं. त्याची पानं सुटून बाहेर आली होती आणि तिने ती रबरबँडने बांधून ठेवली होती. बाईंना ते बघवेना. त्यांनी गोणपाट शिवायची सुई आणि जाड दोरा मागून घेतला, पानं क्रमाने लावली, मांडीवर ठेवली आणि शिवायला बसल्या. धाकटी शेजारी चहा घेऊन बसली. धुकं दिवसभरात पूर्ण निवळलंच नव्हतं. आता ते रोपांच्या रांगांतून गुडघाभर उंचीने परत यायला लागलं होतं. बराच वेळ दोऱ्याचा सर्र आवाज तेवढा होत राहिला.

मग बाईंनी सुई थांबवली नाही, मान वर केली नाही, आणि म्हणाल्या, “मी त्या दिवशी थांबायला हवं होतं. कोश-बिश सगळं निमित्त होतं. मला तो आवाज ऐकवत नव्हता.”

“माहितीये मला,” धाकटी म्हणाली.

“तुला कसं माहीत?”

“दिवसभर तू आईचे पाय चोळत होतीस. छातीकडे एकदाही बघितलं नाहीस. आईलाही कळलं होतं. तू गेल्यावर तिने विचारलं, बस मिळाली का तिला? मी म्हटलं, मिळाली. मग म्हणाली, बरं झालं, तिला जाऊ दे. आणि झोपली. इतकंच झालं, ताई. बाकी काही झालं नाही.”

बाईंच्या हातातला टाका तसाच राहिला. अकरा वर्षं त्या पहाटेबद्दल त्यांनी नाना तऱ्हेचं काय काय कल्पिलं होतं. त्यात आईचं बोलवणं होतं, दाराकडे लागलेले डोळे होते. खरं ते एवढंच होतं, आणि ते इथे, या ओसरीत, कुणीतरी विचारायची वाट बघत पडून होतं.

“मग तू माझ्यावर रागावली कशाला होतीस?” त्यांनी विचारलं.

धाकटीने कप खाली ठेवला.

“आईसाठी थांबली नाहीस, ते मी केव्हाच सोडून दिलं,” ती म्हणाली. “माझ्यासाठी थांबली नाहीस. आई गेली, तिची खाट तशीच, औषधं तशीच, ते यंत्र तसंच. घरात मी एकटी. तू आलीस, सगळं उरकलंस, आणि पाचच्या बसने गेलीस. मग दर वर्षी पाचच्या बसने. मला वाटायचं, एक दिवस ती बस चुकेल. म्हणून मी घड्याळ दहा मिनिटं मागेही करून बघितलं एकदा. तू मनगटावरचं बघून गेलीस.”

 बाईंनी हात पुढे केला आणि धाकटीचा मातीने काळवंडलेला पंजा आपल्या मांडीवरच्या पुस्तकावर ओढून घेतला. तसंच दोघी बसून राहिल्या. समोर रोपांच्या रांगा एकेक करून पांढऱ्या होत गेल्या. शेवटी धाकटी म्हणाली, माझा हात शिवून टाकशील त्यात, आणि दोघी हसल्या, मग धाकटी रडली, मग उठून दिवा लावायला गेली.

त्यांनी मिळून खाटेवरची पाकिटं उतरवली. वायर बाहेर जायची म्हणून खिडकी बोटभर उघडीच ठेवावी लागली. बाई गोधडी डोक्यावरून घेऊन पडल्या, तेव्हा खोली हिरव्या श्वासाने भरलेली होती आणि बाहेर गाडी झोपेत गुणगुणत होती. आपण इथे जाग्याच राहणार असं त्यांनी धरलं होतं. पण इतकी गाढ झोप त्यांना कित्येक महिन्यांत लागली नव्हती. स्वप्नात त्या फिरती व्हॅन चालवत होत्या, आणि मागच्या फळ्यांवर पुस्तकांऐवजी रोपं होती, आणि कुणाचेही दात वाजत नव्हते.

सकाळी ऊन पडलं. गाडी भरली होती, शंभर टक्के. धाकटीने नेहमीच्या सवयीने बाईंची पिशवी आणून दाराशी ठेवली, मग स्वतःशीच पुटपुटली आणि परत आत नेऊन ठेवली. टेम्पोचा पत्ता नव्हताच. तेव्हा चाळीस रोपं गाडीत भरायचं ठरलं. लांबट डिकी त्यांनी कागद अंथरून गच्च भरली, मागच्या सीटवर खोकी लावली, आणि उरलेली चार धाकटीने मांडीवर आणि पायांशी घेतली. तिने आयुष्यात खडखडणारा टेम्पोच चालवला होता. शेजारी नुसतं बसायचं, हे तिला नीट जमत नव्हतं. पहिल्या वळणाला तिचा पाय नसलेला ब्रेक शोधत होता.

शाळेत रोपं उतरवायला अर्धा तास लागला. तिथल्या मुख्याध्यापिकेने गाडीभोवती फेरी मारून, ही सुरू आहे की बंद, असं विचारलं. परत येताना रस्ता तलावाच्या काठाकाठाने होता. पाण्यावरून धुक्याचे शेवटचे तुकडे उठून चालले होते. धाकटी शाळेबद्दल काहीतरी सांगत होती, मग शब्दांमधलं अंतर वाढत गेलं, आणि बाईंनी बघितलं तर तिची मान काचेला टेकली होती. तोंड किंचित उघडं. लहानपणी गोष्ट संपायच्या आधीच झोपायची, तेव्हा अशीच दिसायची.

घराकडे वळायचं वळण आलं. तिथे दगडी, उखडलेला उतार होता; गाडी हादरली असती. बाई वळल्या नाहीत. तलावाच्या कडेचा रस्ता गोल होता आणि गुळगुळीत होता. त्यांनी वेग आणखी कमी केला, कुणाला चाहूल लागणार नाही इतका, आणि सरळ पुढे गेल्या.

दुसऱ्या फेरीला पर्समधला फोन थरथरला. कानामात्रा होते. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि कुजबुजत बोलल्या. त्यांनी विचारलं, निघालीस का, मशीनवाल्यांना मी फोन केला, दुरुस्तीला अजून दोन दिवस लागतील म्हणालेत. बाईंनी पडद्याकडे बघितलं. एकाहत्तर टक्के. घरी न्यायचे ते टक्के तलावाभोवती सांडून गेले होते, आणि आज रात्रभर परत भरल्याशिवाय काही जमणार नव्हतं.

“उद्या निघते,” त्या म्हणाल्या. “किंवा परवा.”

“बरं,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “कुजबुजतेस का?”

“बेबी झोपलीय.”

त्यांनी फोन बंद करून ठेवला. धाकटीच्या मांडीवर शाळेतून परत आणलेली एक रिकामी कुंडी कलली होती, ती त्यांनी हळूच सरळ केली. मग पाय अलगद ठेवला, आणि पाणी, झाडं, पलीकडचा डोंगर पुन्हा सावकाश फिरायला लागले.